टेबलाखाली न वाकता होम स्टुडिओ चालू-बंद करायचा: बोर्डापासून कॉन्टॅक्टरपर्यंत सगळे उपाय

स्टुडिओ मॉनिटरचा (स्क्रीन नव्हे, रेकॉर्डिंग ऐकायच्या स्पीकरचा) पॉवर स्विच कंपन्या पाठीमागेच का देतात हे एक कोडंच आहे. यामाहाचे एचएस५ घ्या, जेबीएलचे ३०५पी घ्या नाहीतर ॲडमचे टी५व्ही, खटका मागेच. आणि आपल्या घरात मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे असला तरी खूप झालं, म्हणजे रोज मागे हात घालून केबल चाचपत तो खटका शोधायचा. चार दिवसांनी कंटाळा येतो आणि मग माणूस दोनपैकी एक करतो, एकतर मॉनिटर दिवसरात्र चालूच ठेवतो, नाहीतर एक्स्टेन्शन बोर्डाचा मेन स्विच दाबून सगळं एकदम मारतो आणि स्पीकरमधून "धप्प" ऐकून दात आवळतो.

यावर उपाय बरेच आहेत, अगदी स्वस्तातले पण आहेत. पण कुठलाही उपाय घ्या, दोन गोष्टी त्यात जमल्याच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. एक, मॉनिटरचा खटका बाकी सगळ्यापासून वेगळा हवा. दोन, लाइट जाऊन परत आली की मॉनिटर स्वतःहून चालू होता कामा नये. या दोन जमल्या की बाकी सगळी फक्त सोयीची आणि खिशाची गोष्ट आहे.

क्रम का पाळायचा

गणपतीत मंडळाच्या साउंडवाल्याला बघितलंय ना, आधी मिक्सर चालू करतो, बाकीची यंत्रं लावतो आणि अँप (ॲम्प्लिफायर) सगळ्यात शेवटी. रात्री आवरताना उलटं, अँप सगळ्यात आधी बंद. कारण साधं आहे. मिक्सर असो, इंटरफेस (माइक आणि मॉनिटर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) असो की सिंथ, चालू किंवा बंद होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर व्होल्टेज उसळतं, आणि त्या वेळी पुढचा अँप जागा असेल तर तो ती उसळी इमानदारीत मोठी करून स्पीकरला देतो. पाच इंची मॉनिटरमध्ये अँप आतच असतो, त्यामुळे नियम तोच: मॉनिटर शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद.

यूएसबीवर चालणारा इंटरफेस असला, म्हणजे स्कारलेट २आय२ सारखा ज्याला वेगळा पॉवर स्विचच नाही, तरी हे लागू आहे. लॅपटॉप चालू झाला, झोपला, रीस्टार्ट झाला की इंटरफेसची पॉवर जाते-येते, म्हणजे तुम्ही कशाला हात न लावता पण धप्प होऊ शकतं. त्यामुळे विंडोज अपडेट रीस्टार्ट मागत असेल तर आधी मॉनिटर बंद. तसंच कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधूनच त्याला दिली जाणारी वीज) चालू-बंद करताना निदान मॉनिटरचा आवाज तरी खाली करा.

आधी यादी करा, मग खरेदी

कागद घ्या आणि स्टुडिओत जे जे प्लगमध्ये जातं ते लिहून काढा. मग तीन गट पाडा.

पहिला गट, ज्याची पॉवर धाडकन तोडायची नाही: पीसी, स्क्रीन, बाहेरची हार्ड डिस्क, राउटर. हे स्टुडिओच्या स्विचवर घेऊच नका, त्यांना यूपीएसवर वेगळं राहू द्या. मेन्यूतून शटडाउन करावा लागणारा डिजिटल मिक्सर असेल तर तोही असा आंधळेपणाने तोडू नका. दुसरा गट म्हणजे सिग्नल देणारी यंत्रं: अडॅप्टरवाला इंटरफेस, प्रीअँप, सिंथ, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मिडीची खेळणी. तिसऱ्यात आवाज करणारे, म्हणजे दोन्ही मॉनिटर आणि सबवूफर असेल तर तो.

ज्यांच्याकडे लॅपटॉप, यूएसबी इंटरफेस आणि दोन मॉनिटर एवढाच संसार आहे (आणि बहुतेकांकडे एवढाच असतो, पॉडकास्ट, व्हॉइसओव्हर नाहीतर घरच्या घरी अभंग रेकॉर्ड करणारे सगळे यात आले) त्यांचा दुसरा गट रिकामाच निघेल. त्यांना हाताशी फक्त एक खटका पाहिजे, मॉनिटरचा. त्यांनी खालचा बोर्डाचा किंवा स्मार्ट प्लगचा भाग वाचला तरी काम झालं.

आता वॅट मोजा. घाबरण्यासारखं काही नसतं. यामाहा एचएस५ एक पीस साधारण ४५ वॅट घेतो, दोन झाले ९०, लॅपटॉप ६५, इंटरफेस आणि सटरफटर धरून २० ते ३०, सगळं मिळून दोनशेच्या आत. २३० व्होल्टला हे एक अँपिअरसुद्धा होत नाही, आणि साधा सहा अँपिअरचा सॉकेट तर १३८० वॅटपर्यंत झेपतो. म्हणजे स्टुडिओसाठी वेगळी जाड लाइन ओढावी लागेल असं कुणी सांगितलं तर आधी हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा. हां, त्याच लाइनवर एसी किंवा इस्त्री नको एवढं बघा.

यादी करताना प्रत्येक यंत्राच्या मागची पट्टी पण वाचून घ्या. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर काळजी नाही. पण अमेरिकेतून भावाने किंवा मावसबहिणीने आणलेलं यंत्र असेल आणि त्यावर फक्त १२० व्होल्ट असेल तर ते आपल्या सॉकेटमध्ये लावलं की संपलं. काही यंत्रांना फ्यूजशेजारी ११५/२३० निवडायचा छोटा खटका असतो, तो लावण्याआधी बघा.

भिंतीतला सॉकेट तपासून घ्या

यावर लोक वेळ घालवत नाहीत आणि नंतर स्पीकरमधून "हम", म्हणजे सतत गुणगुण, येतोय म्हणून केबल बदलत बसतात. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असं पाहिजे. खटका बंद करून उजव्या आणि डाव्या दोन्ही भोकांत टेस्टर लावा, दिवा कुठेच लागता कामा नये. लागला तर एकतर फेज-न्यूट्रल उलटे आहेत किंवा खटका न्यूट्रलवर बसवलाय, म्हणजे तुम्ही "बंद" केल्यावरही यंत्रात फेज उभाच आहे. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास सापडतं. वायरमनला बोलवा आणि त्याच वेळी मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज पण बघायला लावा, दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, तीस-चाळीस आलं तर अर्थिंग नावालाच आहे.

अर्थिंग नसेल तर पुढचं सगळं बिनकामाचं. स्पाइक गार्डचं निम्मं काम अर्थिंगवर चालतं, आणि लॅपटॉपला किंवा माइकच्या जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. आणि हम घालवायला प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला यूट्यूबवर कुणी देत असेल तर तो व्हिडिओ बंद करा. ती पिन जाड आणि लांब मुद्दाम असते, प्लग आत जाताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून.

हमचा विषय निघालाच आहे तर अजून एक. सगळी ऑडिओची यंत्रं एकाच ठिकाणाहून वीज घेऊ द्यात. डावा मॉनिटर या भिंतीतून, उजवा त्या भिंतीतून आणि इंटरफेस तिसरीकडून असं झालं की अर्थच्या वायरीतून गोल चक्कर तयार होते आणि ती तुम्हाला ५० हर्ट्झच्या गुणगुणीत ऐकू येते.

उपाय पहिला: दोन खटक्यांचा बोर्ड बनवून घ्या

माझ्या मते दहापैकी आठ जणांचं काम इथेच संपतं, फक्त वर सांगितलेली दुसरी गोष्ट हा बोर्ड स्वतः करत नाही, लाइट गेली की मॉनिटरचा खटका हाताने बंद करावा लागतो. आपल्याकडे एक बरं आहे, प्रत्येक सॉकेटला खटका ही पद्धतच आहे, आणि असा बोर्ड हवा तसा जोडून देणारा माणूस प्रत्येक गावात आहे. रेडीमेड एक्स्टेन्शनमध्ये गोची अशी की एकतर सगळ्या सॉकेटना मिळून एकच खटका असतो, नाहीतर प्रत्येकाला वेगळा असतो पण ते इतके बारके आणि जवळजवळ की अंधारात भलताच दाबला जातो. शिवाय त्यातले "युनिव्हर्सल" सॉकेट, ज्यात जगातला कुठलाही प्लग बसतो, त्यात आपली गोल पिन सैल बसते. सैल पिन म्हणजे बारीक ठिणग्या, ठिणग्या म्हणजे मॉनिटरमध्ये कचकच आणि पुढे सॉकेट काळा.

सामान असं घ्या. भिंतीवर बाहेरून बसतो तसला बारा मॉड्यूलचा पीव्हीसी बॉक्स आणि त्याची प्लेट. सहा अँपिअरचे तीन पिनी सॉकेट पाच नग, प्रत्येक सॉकेट दोन मॉड्यूल खातो म्हणजे झाले दहा. उरलेल्या दोन जागांवर सोळा अँपिअरचे दोन स्विच, आत दिवा असलेले, म्हणजे काय चालू आहे ते लांबून कळतं. दीड चौरस मिलीमीटरची तीन कोअरची लवचिक केबल तीन मीटर, आणि एक चांगला प्लग टॉप. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, इथे हे सगळं एकाच दुकानात मिळतं, पण गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पण यातलं काही अडत नाही. स्विच-सॉकेट नावाजलेल्या कंपनीचे आणि आयएसआय मार्कचेच घ्या, इथे पन्नास रुपये वाचवू नका.

जोडणी अशी. न्यूट्रल पाचही सॉकेटना थेट, मध्ये काही नाही. अर्थ पाचही सॉकेटना थेट. फेज येणार दोन्ही स्विचांच्या खालच्या स्क्रूवर, पहिल्या स्विचच्या वरून निघून तीन सॉकेटना, दुसऱ्याच्या वरून उरलेल्या दोघांना. तीनवाला गट इंटरफेस-सिंथचा, दोनवाला मॉनिटरचा. आत केबल खेचली गेली तर स्क्रूवर ताण येऊ नये म्हणून बॉक्सच्या तोंडाशी केबलला टाय मारून गाठ अडकवायला सांगा, हे कारागीर हमखास विसरतात. स्वतः करणार असाल तर करता येतं, पण आयुष्यात कधी सॉकेट उघडला नसेल तर स्टुडिओच्या बोर्डावर शिकायला जाऊ नका, जोडून घ्या आणि झाकण लावायच्या आधी आत बघा.

बोर्ड बसवायचा कुठे, तर टेबलाच्या कडेखाली, खुर्चीत बसून हात सहज पोचेल तिथे, पण गुडघा लागणार नाही एवढा आत. टेबलावर आडवा ठेवू नका. चहाचा कप त्या बोर्डावर एक ना एक दिवस सांडतोच.

अडॅप्टरची एक अडचण येते. इंटरफेसचा किंवा कीबोर्डचा तो ठोकळ्यासारखा अडॅप्टर शेजारच्या सॉकेटवर आडवा येतो आणि पाचाचे तीन सॉकेट उरतात. त्यासाठी फूटभराची छोटी एक्स्टेन्शन वायर मिळते, ती वापरा. पण एक्स्टेन्शनच्या पुढे एक्स्टेन्शन, त्याच्यापुढे अजून एक अशी मालगाडी जोडू नका.

उपाय दुसरा: स्मार्ट प्लग

वायरिंगला हात लावायचा नसेल, घर भाड्याचं असेल, तर हा. विप्रो, टीपी-लिंकचे टॅपो, क्युबो असे बरेच आहेत, दहा आणि सोळा अँपिअरमध्ये. दोन घ्या: एक पहिल्या एक्स्टेन्शनला, एक मॉनिटरच्या एक्स्टेन्शनला. सोळावाला घ्यायला हरकत नाही, लोड कमी असला तरी आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा भाग) दणकट असतो. फक्त तो सोळाच्या सॉकेटमध्येच बसतो, आणि आकाराने इतका फोपशा असतो की मॉड्युलर बोर्डवर शेजारचा खटका झाकून टाकतो, त्यामुळे घ्यायच्या आधी बोर्डावर जागा बघा.

लावल्यावर लगेच ॲपमध्ये जाऊन एक सेटिंग बदलायची, बाकी सगळं नंतर. लाइट गेल्यावर परत आली की प्लगने काय करायचं हे त्यात असतं: चालू व्हायचं, आधी होता तसा राहायचं, की बंद राहायचं. वेगवेगळ्या ॲपमध्ये नाव वेगळं असतं, कुठे रिले स्टेटस, कुठे पॉवर-ऑन स्टेट. मॉनिटरच्या प्लगला "बंद" ठेवा. आपल्याकडे लाइट येताना एका दमात येत नाही, येते, जाते, परत येते, आणि त्या प्रत्येक झटक्याला मॉनिटरने धप्प करायची गरज नाही.

मग रुटीन बनवा. "स्टुडिओ चालू": पहिला प्लग चालू, दहा सेकंद थांब, दुसरा चालू. "स्टुडिओ बंद": दुसरा आधी बंद, दहा सेकंद थांब, मग पहिला. इंटरफेस बूट व्हायला वेळ लागत असेल तर दहाचे वीस करा. हे फोनवरच्या एका बटणाला द्या, किंवा टेबलावर चिकटवायचं वायरलेस बटण मिळतं त्याला द्या, ते फोनपेक्षा खूप बरं पडतं कारण फोन रेकॉर्डिंगच्या वेळी फ्लाइट मोडवर असतो किंवा असायला पाहिजे.

आवाजावर चालणारा असिस्टंट मात्र स्टुडिओच्या खोलीत नको. गाणाऱ्याच्या तोंडून काय निघेल आणि त्याला काय ऐकू येईल याचा नेम नसतो. तसंच रात्री बारा वाजता सगळं आपोआप बंद हे टायमर लावायचा मोह होतो, तो आवरा, ज्या दिवशी टेक बारा वाजून दोन मिनिटांनी जमणार असतो त्याच दिवशी तो आठवतो.

यातल्या काही प्लगमध्ये वॅट मोजायची सोय असते, ती असलेला घ्या. मॉनिटर नुसते चालू ठेवल्यावर किती खातात ते दिसतं. समजा जोडी मिळून ३० वॅट खात असेल तर २४ तासांचे ७२० वॅट-तास, म्हणजे महिन्याला साधारण साडेएकवीस युनिट, नुसते उभे राहण्याचे. हा आकडा घरच्यांना दाखवला की स्मार्ट प्लगचा खर्च मंजूर होतो.

एक इशारा. स्विचबोर्डाच्या आत बसणारे रिमोटवाले किंवा वायफाय मॉड्यूल मिळतात, त्यात एक चॅनल पंख्याचा असतो, वेग कमी-जास्त करणारा. त्या चॅनलवर ऑडिओचं काहीही जोडायचं नाही, अगदी फुल्ल वेगावर ठेवून पण नाही.

ऑटो स्टँडबाय असेल तर?

काही मॉनिटर सिग्नल आला नाही की स्वतःच झोपतात. केआरके रोकिटच्या जी४ मध्ये अर्धा तास शांतता झाली की स्टँडबाय आहे, जेनेलेकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पण अशी सोय आहे. युरोपातल्या नियमांनी झोपेतला खप अर्ध्या वॅटवर आणायला लावला, त्यातून हे फीचर इतकं पसरलं. वीज वाचवायला छान आहे, पण कमी आवाजात एडिटिंग करणाऱ्याला वैताग येतो कारण हळू आवाज त्याला सिग्नलच वाटत नाही आणि एक मॉनिटर झोपतो, दुसरा जागा, आणि तुम्ही मिक्सचा बॅलन्स बिघडला म्हणून पॅन फिरवत बसता. मागे ते बंद करायचा खटका किंवा मेन्यू असतो. मी बंदच ठेवतो.

उपाय तिसरा: हिरवं बटण, लाल बटण

ज्याने शेतावर मोटर चालवलीय त्याला हे सांगायची गरज नाही. पंपाच्या स्टार्टरला हिरवं बटण दाबलं की मोटर सुरू, लाल दाबलं की बंद, आणि मधे लाइट गेली तर आतला कॉन्टॅक्टर (विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा खटका) सुटतो आणि लाइट आल्यावर परत हिरवं दाबेपर्यंत काही होत नाही. शेतकरी त्याला "ऑटो" लावतात कारण त्यांना मोटर स्वतः सुरू व्हायला हवी असते (महावितरण दरवर्षी ते काढा म्हणून विनवतं, कारण लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपीवर ताण येतो). आपल्याला नेमकं ऑटो नसलेलं पाहिजे. इंटरनेट नको, ॲप नको, वर्षानुवर्षं चालतं.

मॉनिटरच्या लाइनसाठी नऊ अँपिअरचा छोटा थ्री-पोल कॉन्टॅक्टर, २३० व्होल्ट कॉइलचा, ज्याला एक नॉर्मली ओपन (एरवी उघडा राहणारा) ऑक्झिलरी, म्हणजे जास्तीचा, संपर्क असतो. दोन पोलमधून मॉनिटरचे फेज आणि न्यूट्रल न्यायचे, तिसरा पोल रिकामा. कॉइलला फेज येणार लाल बटणाच्या नॉर्मली क्लोज (एरवी जोडलेल्या) संपर्कातून, मग हिरव्याच्या नॉर्मली ओपनमधून, आणि हिरव्याला समांतर तो ऑक्झिलरी. हिरवं दाबलं की कॉइल ओढते, ऑक्झिलरी मिटतो, बोट काढलं तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. लाल दाबलं किंवा लाइट गेली की धरलेलं सुटतं. एवढीच करामत.

अडचण एकच, एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर बारीक गुणगुणतो आणि ओढताना "खट्" करतो. म्हणून डबा खोलीच्या बाहेर किंवा निदान माइकपासून लांब, दोन बटणांची वायर फक्त टेबलापर्यंत आणायची. लक्षात ठेवा, त्या बटणाच्या वायरीत पूर्ण २३० व्होल्ट आहेत, स्पीकरची पातळ वायर तिथे चालत नाही. हे काम वायरमनकडूनच, त्याला "डीओएल स्टार्टरसारखं, पण ओव्हरलोड रिले नको" एवढं सांगितलं की तो हसेल पण समजेल.

उपाय चौथा: सिक्वेन्सर

यंत्रं आठ-दहाच्या वर गेली, रॅक आला, की हा. एक युनिट उंचीचा डबा, पुढे एक खटका किंवा किल्ली, मागे आठ सॉकेट, आणि चालू केलं की एकेक सॉकेट साधारण सेकंदाच्या अंतराने चालू होतो, बंद करताना उलट्या क्रमाने. मॉनिटर शेवटच्या सॉकेटवर, झालं. मंडपवाल्यांमुळे हे आपल्याकडे आता सहज मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा.

पण बघून घ्या. डब्यावर ३० अँपिअर छापलेलं असतं आणि मागून निघणारी केबल पाहिली तर करंगळीपेक्षा बारीक. घरात तो तुम्ही सोळाच्या सॉकेटमध्ये लावणार म्हणजे सगळं मिळून सोळाच्या वर जाऊच शकत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. सॉकेट परत तेच सैल युनिव्हर्सल असतात. कॉम्प्युटरच्या केबलसारखे आयईसी सॉकेट मागे असलेला मिळाला तर तो घ्या, केबल घट्ट बसतात आणि मॉनिटरला तशीच केबल लागते. पुढे व्होल्टेजचा आकडा दाखवणारा डिस्प्ले असतो, तो कामाचा आहे, रात्री आठला १९० आणि पहाटे २५० दिसायला लागले की आपल्या एरियाची तब्येत कळते.

सिक्वेन्सरचा खरा फायदा अजून एक आहे. एकदम चालू करताना यंत्रं पहिल्या क्षणाला भरमसाठ करंट ओढतात, टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा अँप तर चालू असतानाच्या दहापट पण ओढतो. बी प्रकारचा एमसीबी स्वतःच्या रेटिंगच्या तिपटी-पाचपटीला लगेच पडतो, सी प्रकारचा पाच ते दहापटीला. म्हणून काहीही बिघाड नसताना सगळं एकदम चालू केलं की एमसीबी पडतो आणि लोक अँपला दोष देतात. एकामागून एक चालू केलं की हा प्रकार बंद होतो.

पीसी चालू झाला की मॉनिटर आपोआप चालू, असं यूएसबीच्या पाच व्होल्टवर एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक खटका) लावून करणारे हौशी आहेत. जमतं, पण बऱ्याच पीसीत शटडाउननंतरही यूएसबीला करंट राहतो (बायॉसमधून बंद करावा लागतो), एसएसआर बंद असताना थोडी गळती सोडतो, आणि पीसी बंद होताना मॉनिटर आधी बंद व्हायला पाहिजे तो नंतर होतो. म्हणजे सोयीच्या नावाखाली क्रमच उलटा. मी करणार नाही.

संरक्षणाचं थोडक्यात

स्पाइक गार्डमधला एमओव्ही क्षणभराची उसळी खातो आणि दर उसळीला थोडा झिजतो, त्यामुळे त्याचा दिवा विझला की तो बदलायचा. पण आपल्याकडचा मोठा शत्रू उसळी नाही, न्यूट्रल जाणं आहे. बिल्डिंगच्या थ्री फेज मेनमध्ये न्यूट्रल सुटला की तुमच्या घरात ३०० च्या वर, वाईट वेळ असेल तर ४०० च्या आसपास व्होल्ट मिनिटभर उभे राहू शकतात, आणि स्पाइक गार्ड तिथे काही करू शकत नाही, स्वतःच जळतो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर असतो, एमसीबीच्या डब्यात पट्टीवर बसणारा, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तोडतो आणि ठीक झाल्यावर थोडा थांबून जोडतो. स्टुडिओच नाही, फ्रिज आणि टीव्ही पण वाचतात. सगळ्या खर्चात हा खर्च मी आधी करेन, मॉनिटर स्टँडच्या पण आधी.

इन्व्हर्टर असेल तर प्युअर साइनवेव्हवालाच. स्क्वेअरवेव्हवर ट्रान्सफॉर्मरवाली यंत्रं गुरगुरतात आणि तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. आणि मॉनिटर इन्व्हर्टरवर घ्यायचेच कशाला, लाइट गेल्यावर पीसी आणि इंटरफेस जगले, टेक सेव्ह झाला, हेडफोनवर काम चाललं, पुरे.

झाल्यावर तपासणी

सगळं लावलं की मॉनिटरचा व्हॉल्यूम शून्य करून आधी क्रमाने चालू करा, मग व्हॉल्यूम नेहमीच्या जागी आणून क्रमाने बंद करा, कान द्या. धप्प आलं तर दोन गट चालू-बंद करण्यातलं वेळेचं अंतर वाढवा. मॉनिटरच्या मागचा खटका आता कायम चालू ठेवायचा, कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर टेप लावा. मग सगळं चालू असताना, प्रोजेक्ट सेव्ह करून, स्टुडिओच्या लाइनचा एमसीबी मुद्दाम पाडा आणि परत उचला. प्लग किंवा कॉन्टॅक्टर असेल तर मॉनिटर गप्प राहिले पाहिजेत. साधा बोर्ड असेल तर ते परत चालू होतील, म्हणून बोर्डवाल्यांनी लाइट गेली की पहिलं काम मॉनिटरचा खटका बंद करायचं, अंधारात बसल्याबसल्या, आणि वारंवार लाइट जाणारा एरिया असेल तर बोर्डातल्या मॉनिटरच्या दोन सॉकेटऐवजी सरळ स्मार्ट प्लग किंवा कॉन्टॅक्टरकडे वळायचं.

तासभर काम झाल्यावर प्लगला आणि बोर्डाला हाताची मागची बाजू लावून बघा. दोनशे वॅटला काहीही गरम व्हायचं कारण नाही. एखादा सॉकेट कोमट जरी लागला तरी तो बहुतेक सैल आहे, बदलून घ्या.